‘ड्राय रन’ला सक्त मनाई

संध्याकाळी पाचला पुस्तिका छपाईला जायची होती आणि दुपारी दीडला मी चौदाव्या पानावर अडकले. ओळ होती : ‘पंपाची पूर्वचाचणी घेण्यास सक्त मनाई आहे.’ पान उलटलं तर तिथे लिहिलेलं, ‘पंप नियमित वापरात घेण्याआधी चाचणी अवश्य घ्यावी.’ आधी मनाई, मग आग्रह.

मी तांत्रिक पुस्तिकांचे मराठी अनुवाद तपासते. मूळ इंग्रजी उघडलं. पहिल्या ठिकाणी ‘ड्राय रन’ होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘ट्रायल रन’. अनुवाद केलेला मुलगा नवा, पण कामात चोख. त्याला बोलावलं तर म्हणाला, “मॅडम, ड्राय रन म्हणजे रंगीत तालीमच ना? सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत आपण तसंच तर लिहिलं होतं.”

लिहिलं होतं खरं, आणि तिथे ते बरोबरही होतं. प्रत्यक्ष काहीही न बदलता आज्ञा एकदा चालवून बघायची, त्याला संगणकवाले ड्राय रन म्हणतात. पण पंपाच्या कामात ड्राय रन म्हणजे आत पाणी नसताना पंप फिरत राहणं. तिथे तालमीचा काही संबंध नाही, तिथे पंप जळतो.

ओळ बदलून पुढे जाता आलं असतं. मला ते धजेना. आमचं वाक्य वाचून एखाद्या फिटरने चाचणीच घेतली नसती तर? थ्री-फेज मोटर उलटी फिरतेय की सुलटी, हे त्या चाचणीतच कळतं. उलटी फिरत असेल तर कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की काम होतं, पण आधी ते दिसायला हवं ना. आणि खरी सूचना, पाण्याशिवाय पंप चालवू नका, ती तर आमच्या मराठीतून गायबच झाली होती.

पंपांची दुरुस्ती करण्यात आयुष्य गेलेले एक इंजिनियर आम्हाला अडीनडीला मदत करतात. त्यांना फोन केला. “थांबा, दाखवतोच,” म्हणाले आणि अर्ध्या तासात खिशात कागदाची पुडी घेऊन हजर झाले. पुडीत मेकॅनिकल सीलच्या, म्हणजे फिरत्या शाफ्टपाशी पाणी गळू न देणाऱ्या भागाच्या, दोन कड्या होत्या, एक कार्बनची काळी, दुसरी सिरॅमिकची पांढरी. बांगडीपेक्षा लहान, अंगठीपेक्षा मोठ्या. पंप फिरताना या दोन कड्यांचे गुळगुळीत चेहरे एकमेकांवर घासतात आणि मध्ये पाण्याचा अगदी बारीक थर असतो. वंगणाचं काम तोच थर करतो आणि उष्णताही तोच वाहून नेतो. पाणी नसलं की कड्या कोरड्या घासून तापतात, आणि त्यावर अचानक गार पाणी आलं की सिरॅमिकला तडा जातो. सरांनी पांढरी कडी माझ्या हातावर ठेवली. “नख फिरवा.” फिरवलं. एका जागी नख अडलं. डोळ्यांना तिथे केसाएवढी रेघही नीट दिसत नव्हती.

“एवढ्याशा तड्यातून पाणी गळतं, आणि शाफ्टवरून थेट मोटरच्या बेअरिंगपर्यंत जातं,” सर म्हणाले. तो मुलगा बराच वेळ ती कडी हातात फिरवत उभा होता.

मग आम्ही दोघं सगळी पुस्तिका ‘रन’साठी पुन्हा चाळायला बसलो. एकाच वाक्यात दोन ‘रन’ असलेली एक ओळ मला अजून आठवते. शब्दशः तिचा अर्थ होतो, पाणी स्वच्छ ‘धावेपर्यंत’ पंप ‘धावू’ द्या. आम्ही लिहिलं, ‘पाणी नितळ येईपर्यंत पंप चालू ठेवा.’ केबलचा ‘रन’ म्हणजे ती कुठून कुठे न्यायची तो मार्ग. सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढून घेतो त्या, तोंडाशी पाइपचा ‘सरळ रन’ हवा, म्हणजे मध्ये बाक नसलेली सरळ लांबी. सहसा पाइपच्या व्यासाच्या पाच ते दहा पट ठेवतात, नाहीतर पाणी घुसळत आत शिरतं. मसुद्यात तिथे ‘सरळ धाव’ पडलं होतं. मोटर ‘हॉट रन’ करते म्हणजे तापते, एवढंच.

मुलाने विचारलं, “एका शब्दाला इतके अर्थ कसे काय?” हा प्रश्न मला मनापासून आवडतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला संपादक पीटर गिलिव्हर यांना सुमारे नऊ महिने लागले आणि नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, 1989च्या आवृत्तीत त्याचे सुमारे 430 अर्थ होते. माझ्या मते ‘रन’ला एवढं वाढवलं ते यंत्रांनी. पण मूळ जुनंच आहे. जुन्या इंग्रजीत हेच क्रियापद पाणी वाहण्यालाही होतं. त्याचा जर्मन भाऊ ‘रिनेन’ आजही वाहण्याझिरपण्यासाठीच वापरतात. पंपाच्या पुस्तिकेत तो शब्द एका अर्थी घरीच आला होता.

मराठीने मात्र ही कामं वाटून टाकली आहेत. इंग्रजी यंत्र धावतं, आपलं चालतं. नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, साठा संपतो, आजार घराण्यात असतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘धावतो’, आपल्याकडे तो उभा राहतो. म्हणून ‘रन’ला मराठी शब्द काय, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. काय धावतंय आणि कशातून, हे डोळ्यांसमोर आलं की शब्द आपोआप येतो. त्या मुलाने कोश पाहिला होता, सील पाहिलं नव्हतं. मीही त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

साडेचारला चौदावं पान पुन्हा लिहिलं : ‘पंपात पाणी नसताना तो चालवू नका.’ सरांनी ते वाक्य फोनवरून त्यांच्या फिटरला वाचून दाखवलं. पलीकडून लगेच आवाज आला, “म्हणजे ड्राय रन करायचा नाही, असंच ना?” कामावरचा माणूस तोच शब्द बोलतो, मग आम्हीही तो काढला नाही. खाली दुसरं वाक्य जोडलं : ‘ड्राय रन झाल्यास सील जळते.’ मुलाने ‘जळते’ खोडून ‘तापून तडकते’ केलं, आणि पान छपाईला गेलं.