दोन क्रूझच्या मधला दीडेक आठवडा: सुलमोना, अस्कोली, रव्हेना

भाऊजींनी सवलत दिसली म्हणून इटलीत चिवितावेक्क्याला संपणारी क्रूझ आमच्या चौघांसाठी घेऊन टाकली होती. मला हवी होती एड्रियाटिक समुद्रातली, कोतोर आणि कोर्फूला जाणारी. ती सुटणार होती रव्हेनाहून, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर. मध्ये दीडेक आठवडा मोकळा. घरी येऊन परत जायचं तर चौघांची विमानाची तिकिटं पुन्हा काढा, म्हणजे तो विषयच संपला. ह्यांनी अट घातली की जहाजावर राहणं-खाणं धरून माणशी रोजचा जो खर्च पडतो, त्याच्या वर जमिनीवरचा खर्च जाता कामा नये. माझी अट एकच, रांगेत उभं राहायचं नाही. जुलैअखेरच्या इटलीत या दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, त्यापेक्षा आपण ठाण्यातच थांबू."

क्रूझच्या जाहिरातींत बंदरांची नावं 'रोम' आणि 'व्हेनिस' अशी छापतात. चिवितावेक्क्या रोमपासून ७०-८० किलोमीटर लांब आहे. रव्हेना तर व्हेनिसहून गाडीने दोन तासांच्या वर. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसमधल्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली, तेव्हापासून बरीच जहाजं रव्हेना नाहीतर त्रिएस्तेहून सुटतात. ओळखीच्या एकांनी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस प्रत्येकी तीन रात्री असा आराखडा लगेच करून दिला. त्या आठवड्यातले खोल्यांचे भाव बघितले आणि तो कागद बाजूला ठेवला. शिवाय त्या तिन्ही शहरांत आमच्यासारखेच जहाजातून उतरलेले लोक भरलेले असणार.

मी नकाशा उलट्या बाजूने वाचायला घेतला. ठिकाणं निवडून मग त्यांना जोडणारी गाडी शोधायची नाही. आधी दोन बंदरांमधली रेल्वे बघायची आणि तिच्यावरचीच स्टेशनं निवडायची. रोमहून एक लाइन आपेनाइन डोंगर ओलांडून पेस्काराला जाते आणि तिथून दुसरी समुद्राच्या कडेकडेने आंकोना, रिमिनी करत वर. या मार्गावर आब्रुत्सो आणि मार्के हे दोन प्रांत लागतात, आणि आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या पत्रकांत ते क्वचितच दिसतात. साध्या 'रेजिओनाले' गाड्यांचं भाडं किलोमीटरवर ठरलेलं असतं. आधी काढा की ऐनवेळी, तेवढंच. वेगवान गाड्यांचं तसं नाही, त्यांचे भाव विमानासारखे चढतात.

बोलोन्याचाही विचार झाला होता. ऑगस्टमध्ये तिथली व्यापारी प्रदर्शनं बंद असतात, म्हणून एरवी महाग असणारी हॉटेलं तेव्हा स्वस्त होतात. समुद्र आणि प्रसिद्ध ठिकाणं टाळून कामधंद्याची शहरं धरली, तर इटलीत ऐन उन्हाळ्यात पैसे वाचतात, हे खरं आहे. पण पो नदीच्या मैदानातला तो दमट उकाडा आम्हाला झेपला नसता. म्हणून डोंगर.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला व्हिसाने. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि एप्रिल-मे उजाडला की अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं. जास्त रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. माणशी ९० युरो फी, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार. मेख मधल्या दिवसांची होती. दोन्ही क्रूझची कागदपत्रं अगदी पक्की, पण मधल्या प्रत्येक रात्रीचा पत्ता दाखवावा लागतो. मी फुकट रद्द करता येणारी बुकिंगं आधी केली, कोणती रात्र कुठे याचा एका पानाचा तक्ता केला आणि अर्जाच्या पत्राला जोडला. काउंटरवरच्या मुलीने बाकीचा गठ्ठा न उलगडता तो तक्ताच आधी पाहिला. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो पहिल्या जहाजाच्या आधीच्या दिवसापासून दुसरं संपेपर्यंत सलग घ्यायचा, मध्ये एका दिवसाचीही फट नको.

दुसरी गोष्ट, मल्टिपल एंट्री, म्हणजे बाहेर पडून पुन्हा आत येण्याची मुभा, मागायलाच हवी. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकची काळजी नाही. पण कोतोर माँटेनेग्रोत येतं आणि माँटेनेग्रो शेंगेनबाहेर. शेंगेन व्हिसा असला की ते तुम्हाला आत घेतात, प्रश्न परत येण्याचा असतो. सिंगल एंट्री असेल तर जहाज कंपनी चढूच देत नाही. भाऊजी आणि जाऊबाईंनी मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले होते. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या नियमाने त्यांना थेट दोन वर्षांचा मिळाला. आम्हाला प्रवासापुरता. ह्यांना ते अजून लागतंय.

सामान हा क्रूझवाल्यांचा खरा शत्रू. फॉर्मल नाइटचा सूट, साड्या, बूट, आणि ते सगळं घेऊन इटलीच्या जुन्या डब्यांच्या उंच पायऱ्या चढायच्या. माणशी एक केबिन बॅग आणि चौघांत मिळून एक मोठी, असं मी फर्मान काढलं. कपडे तिथल्या नाण्यांच्या लाँड्रीत धुतले.

पहिला मुक्काम सुलमोना. चारशे मीटर उंचीवरचं, चारी बाजूंनी डोंगर असलेलं गाव. दुपारी ऊन कडक, पण रात्री पांघरूण लागायचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर रात्रीला ८० युरोच्या आसपास पडलं. रोममध्ये तेवढ्यात एक बरी खोली मिळाली तरी नशीब. गावाच्या कराचे वगैरे पैसे घरमालकीण वेगळे आणि रोख घेते, तेवढी सुट्टी नाणी जवळ असू द्यावीत.

सुलमोना साखरेचं आवरण दिलेल्या बदामांसाठी प्रसिद्ध आहे. 'कोन्फेत्ती' म्हणतात. इटलीत लग्नाच्या पाहुण्यांना पांढरे पाच बदाम देतात, विषम संख्येतच. मुख्य रस्त्यावर दुकानांबाहेर बादल्या भरून फुलं ठेवलेली दिसतात. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक पाकळी म्हणजे रंगीत कागदात तारेने बांधलेला एक बदाम. एका दुकानात एक बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हे करत होती. पाच बदाम, तारेचा पीळ, हिरवी पट्टी, झालं फूल. बोटांकडे बघतसुद्धा नव्हती. जाऊबाईंनी लेकीच्या लग्नाला म्हणून बरीच घेतली आणि सामानाचं माझं फर्मान तिथेच मोडलं. चौकात तेराव्या शतकातल्या जलवाहिनीच्या कमानी आहेत. त्यांच्या पलीकडे बाजार भरतो आणि तिथे इथल्या लाल लसणाच्या वेण्या टांगलेल्या असतात. आम्ही तो लसूण, टोमॅटो आणि डब्यातले छोले घेऊन घरी रस्सा केला. बाहेर खाल्लं तेव्हा 'पाल्लोत्ते' नावाचे चीज, शिळा पाव आणि अंड्याचे गोळे टोमॅटोच्या रसात मिळाले. अंडं चालत असेल तर काड्यांना टोचून भाजलेल्या मटणाच्या या प्रदेशात हा मोठा आधार.

इथे बसचं वेळापत्रक वाचणं हे एक कामच आहे. कामाच्या दिवसाच्या बस वेगळ्या, त्यात शनिवार धरतात. रविवार-सणाच्या वेगळ्या, आणि त्या फार थोड्या. तिसऱ्या प्रकारच्या बस शाळा चालू असतानाच धावतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये नाहीत. मोबाइलवर दिसणारी सोयीची बस नेमकी या तिसऱ्या प्रकारची असू शकते. स्टँडवरचा छापील तक्ता आणि खाली बारीक अक्षरातली खूण, एवढ्यावरच विश्वास ठेवायचा. स्कान्नोला आम्ही बुधवारी गेलो. १,०५० मीटरवरचं गाव, खाली तळं, वाटेत अरुंद घळीतून वळणं घेत जाणारा रस्ता. परतीची बस कधी आहे ते उतरतानाच चालकाला विचारून घेतलं. रेल्वेचंही लक्षात ठेवायचं. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि मधल्या एखाद्या तुकड्यावर गाडीऐवजी बस लावतात. तिकीट तेच चालतं, वेळ वाढतो. संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात.

ऑगस्टचा पहिला शनिवार टाळा. त्या दिवशी निम्मी इटली समुद्राकडे निघते. किनाऱ्याची गाडी आम्ही मंगळवारी धरली. पेस्कारा, मग सान बेनेदेत्तो, तिथून फाटा बदलून अस्कोली पिचेनो. कागदी तिकिटावर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, मोबाइलवरच्याला चेक-इन करायचं, नाहीतर दंड.

अस्कोलीचे लोक ऑगस्टमध्ये सान बेनेदेत्तोच्या वाळूवर असतात आणि गाव पाहुण्यांना मोकळं मिळतं. अख्खा मुख्य चौक फिकट त्रावेर्तिनो दगडाचा, वर्षानुवर्षांच्या पावलांनी इतका गुळगुळीत झालेला की दिव्यांचा उजेड त्यात दिसतो. चौकातल्या १९०७ सालच्या कॅफेत आम्ही रोज संध्याकाळी बसलो, आसपास बहुतेक म्हातारी स्थानिक जोडपी. इथली तळलेली भरली ऑलिव्ह प्रसिद्ध आहेत, सारण मांसाचं असतं. भाऊजींनी चौघांच्या वाटची खाल्ली.

शेवटची रात्र सुटण्याच्या गावातच काढायची, हा माझा न बदलणारा नियम. गाडी चुकली तरी जहाज थांबत नाही. आणि रव्हेना हा या सगळ्यातला अनपेक्षित फायदा निघाला. जहाजं पोर्तो कोर्सिनीला लागतात, गावापासून लांब, आणि बरेचसे प्रवासी तिथून परस्पर व्हेनिसच्या बसमध्ये बसतात. जागतिक वारशातली आठ स्मारकं असलेलं गाव त्यामुळे निवांत. गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीच्या समाधीत वेळ ठरवूनच सोडतात, पाचेक मिनिटं मिळतात. ती पुरतात, कारण तोवर निळ्या छतावरचे सोनेरी तारे बघून मान अवघडलेली असते. कवी दान्तेची कबर फुकट आहे, आत एक दिवा जळतो आणि त्याचं तेल दरवर्षी फ्लोरेन्सहून येतं. ज्या गावाने त्याला हाकललं तेच. ह्यांना हे फार आवडलं.

जेवायला 'पियादिना', आपल्या जाडसर पोळीसारखी. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, मूळ पद्धतीत पिठात डुकराची चरबी असते. 'स्त्रुत्तो नको' म्हटलं की ऑलिव्ह तेलातली देतात, बहुतेक ठिकाणी ती असतेच.

हिशेब मांडला तर ह्यांची अट पाळली गेली, बदामांची फुलं धरूनसुद्धा. पुढच्या वेळी मी अस्कोलीची एक रात्र कमी करीन आणि स्कान्नोत मुक्काम टाकीन. शेवटची बस गेल्यावर ते गाव कसं असतं ते बघायचं राहिलंय. भाऊजी आता त्रिएस्तेहून सुटणारी जहाजं बघताहेत.