तुम्ही विचारलंत म्हणून: विदर्भातल्या खेड्यात राहून मेटल ऐकायचं कसं?

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. मोठी माणसं म्हणतात, "हे बोंबलणं कायले ऐकतं बापा, डोकं नाही दुखत काय?" आणि कॉलेजातली पोरं विचारतात, "दादा, सुरुवात कोणत्या अल्बमपासून करू? अन् शो पाहाले इकडून जायचं तं कसं?" उत्तर दोघांनाही एकाच ठिकाणाहून सुरू करावं लागतं.

मेटल म्हणजे हेवी मेटल, विजेच्या गिटारी आणि जोरकस ड्रमचं रॉक संगीत. त्याचं वजन दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतं. गिटार वाजवणारा उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळ, तारांवर टेकवतो आणि मग तार छेडतो. सूर उमटतो न उमटतो तोच दाबला जातो. याला पाम म्यूट म्हणतात. त्या तुटलेल्या सुरानंतर क्षणभर जी शांतता येते, तिच्यामुळे पुढचा घाव घणासारखा बसतो. ड्रमचंही तसंच. मिनिटाला २०० ची लय असेल आणि प्रत्येक मात्रेत दोन्ही पायांनी मिळून चार किक, म्हणजे मोठ्या ड्रमवर पायाने मारलेले ठोके, पडत असतील, तर सेकंदाला तेरा ठोके होतात. त्यांच्यामधली फट शिल्लक राहिली तर ते ठोके, नाहीतर नुसती घरघर. ज्यांना हे संगीत गोंगाट वाटतं, त्यांच्यापर्यंत बहुतेक वेळा ती घरघरच पोचलेली असते: हलका स्पीकर, टिनाची खोली, पूर्ण फिरवलेलं बटण. त्यांचा दोष नाही.

म्हणून आधी खोली पाहा. आपल्याकडे टिनाचं छत, सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि खाली फरशी. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून टणटण असा धातूचा आवाज रेंगाळला, तर तिथे कोणताही वेगवान अल्बम चिखल होणार. उपाय फुकट आहे. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगायची, खाली सतरंजी टाकायची आणि टिनाखाली ताडपत्रीऐवजी जुनी चादर ताणायची. ताडपत्री आवाज परतवते, कापड पितं. भाव वाढायची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवलेला असतो, त्या दिवसांत ती खोली भल्याभल्या स्टुडिओला लाजवेल इतकी कोरडी वाजते. तिथे ऐकायचं तर इअरफोन लावूनच ऐका. अॅम्प्लिफायर, गरम होणारा अडॅप्टर, एक्स्टेंशन बोर्ड यातलं काहीही कापसाजवळ नेऊ नका. सैल प्लगमधली एक ठिणगी पुरते.

दुसरा शत्रू म्हणजे वीज. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि स्पीकरमधून 'हंऽऽ' सुरू होतं. सगळीच घरघर व्होल्टेजची नसते. लॅपटॉप स्पीकरला जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावली की बहुतेक वेळा भागतं. तरीही राहिली तर अर्थिंगचा खड्डा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, गजाभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. एप्रिलपासून खड्ड्यात पाणी टाकत राहा, कोळसा-मीठ जुनं झालं असेल तर वायरमनकडून बदलून घ्या. घरघर जाते म्हणून प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. त्यांचं ऐकू नका. आवाज जाईलही, पण धक्का बसला तर तो अंगातूनच जाईल.

स्पीकर घ्यायचेच असतील तर तालुक्याच्या दुकानात दिवे लुकलुकणारा होम थिएटर घेऊ नका. त्यात खाली एक धबधब करणारा डबा असतो, वर चार कर्कश पिटुकले आणि मधलं काहीच नाही. गिटार आणि माणसाचा आवाज राहतो तो मधल्याच पट्ट्यात. चार किंवा पाच इंची वूफरची साधी जोडी बरी. दोन्हींत चार फूट अंतर, तुमच्यापासूनही तेवढंच, वरचा छोटा स्पीकर कानाच्या रेषेत आणि मागची भिंत निदान फूटभर दूर. कोपऱ्यात सरकवले की बेस फुगतो आणि किक त्यात बुडते.

पण खरं सांगायचं तर सुरुवातीला स्पीकरची गरजच नाही. वायरचा साधा इअरफोन घ्या आणि फोनमधला बास बूस्ट बंद करा. इक्वलायझरची रेषा सपाट ठेवा. दोन्ही टोकं चढवून मधला भाग खाली ओढायची सवय आपल्याला डीजेने लावली आहे, आणि मेटलमध्ये नेमकी तिथेच गिटार मारली जाते. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) शून्यावर. नेटवर्क असेल तेव्हा अल्बम उतरवून ठेवा. ३२० केबीपीएसला पन्नास मिनिटांचा अल्बम साधारण १२० एमबी होतो, म्हणजे दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये डझनभर बसतात. लाइन गेली, टॉवर गेला तरी अल्बम अर्ध्यावर तुटत नाही.

आता अल्बम. माझा क्रम ठरलेला आहे आणि त्यावर भांडायला मी तयार असतो.

पहिला, ब्लॅक सबाथचा 'पॅरानॉइड', १९७०. लय संथ आहे, त्यामुळे मधली जागा नवख्यालाही ऐकू येते. सैतानाचं संगीत म्हणून नाक मुरडणाऱ्यांना या अल्बममधलं पहिलंच गाणं, 'वॉर पिग्ज', शब्दांसह वाचायला द्या. ते युद्ध लावणाऱ्या पुढाऱ्यांविरुद्ध आहे. सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. पत्र्याच्या कारखान्यात, सतरा वर्षांचा असताना, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, तारा बारीक घेतल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त काही गाण्यांसाठी तारा दीड स्वर खाली, सैल उतरवल्या. दाबायला सोपं गेलं आणि आवाज आणखी जड झाला. आज खालच्या सुरात जुळवलेली गिटार मेटलमध्ये सर्रास दिसते. जिनिंगमध्ये किंवा थ्रेशरवर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट सांगा, मग तो या संगीताकडे वेगळ्या नजरेने बघतो.

दुसरा, आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट', १९८२. इथे बेस गिटारकडे कान द्या. स्टीव्ह हॅरिसचा बेस घोड्याच्या टापांसारखा पुढे धावतो. तिसरा, मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६. पाम म्यूट म्हणजे काय हे शब्दांत कळलं नसेल तर इथे कळेल. मेटालिकाचाच १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' ऐकताना बेस सापडला नाही तर स्पीकर खोलून बसू नका. तो मिक्सिंगमध्येच जवळजवळ गायब केलेला आहे. चौथा, स्लेअरचा 'रेन इन ब्लड', तोही १९८६ चा: दहा गाणी, एकोणतीस मिनिटांच्या आत संपतो. हा चौथाच असू द्या, पहिला नको. वेग कानात बसायच्या आधी हा लावला की माणूस जन्मभरासाठी पळतो. मित्राला 'दाखवायला' म्हणून नेमका हाच लावणारे चाहते मेटलचे सर्वांत मोठे शत्रू आहेत.

यानंतर ब्राझीलच्या सेपल्तुराचा 'रूट्स', १९९६, ज्यात शावांते आदिवासींसोबत ध्वनिमुद्रण केलेलं आहे. आणि आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार', २०१७: दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. ज्यांना घरी धाक आहे त्यांनी मुखपृष्ठ याचंच दाखवावं.

प्रत्येक अल्बम तीनदा. पहिल्यांदा नुसता, आवाज निम्म्यावर. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून, कारण ग्रोलमधले, म्हणजे घशातून गुरगुरत गायलेले शब्द सवयीशिवाय कळत नाहीत. तिसऱ्यांदा फक्त ड्रमच्या मागे जायचं. तिसऱ्या वेळी लोक सुधारतात. लग्नात धुमालच्या गाडीमागे रात्रभर चालून आपला कान तालाला तयार झालेलाच असतो, फक्त ते कुणी सांगितलेलं नसतं.

शोचं गणित वेगळं. झाडीपट्टीचं नाटक बघायला रात्री चार गावं ओलांडून जाणाऱ्यांना प्रवासाचं भय नसतं, पण इथे अंतर फार आहे. परदेशी बँडचे मोठे शो व्हायचे ते मुंबईत नाहीतर बेंगळुरूत. २००७ मध्ये आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर आले, २०११ मध्ये मेटालिकाही तिथेच, आणि २०१२ मध्ये स्लेअर बेंगळुरूत. मेटलपुरताच असा बेंगळुरू ओपन एअर महोत्सवही २०१२ पासूनचा. बेंगळुरूला जायला नागपूर किंवा बल्लारशाहहून संघमित्रा एक्स्प्रेस आहे, जवळजवळ एक दिवस लागतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. शोचं तिकीट निघालं की त्याच आठवड्यात रेल्वेचं काढा, पण रद्द करता येईल असंच. मेटालिकाचा २८ ऑक्टोबर २०११ चा गुरुग्रामचा शो आयत्या वेळी बारगळला होता, आणि बेंगळुरूचा दोनच दिवसांनी झाला.

मुंबईत फसतात ते परतीला. उघड्या मैदानावर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, आणि विदर्भ, अमरावती, दुरंतो या तिन्ही गाड्या त्याआधीच सुटलेल्या असतात. म्हणजे रात्र काढणं आलंच. दुसऱ्या दिवशीचं कन्फर्म तिकीट असेल तर त्याच पीएनआरवर स्टेशनच्या रिटायरिंग रूममध्ये किंवा डॉर्मिटरीत जागा मागता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोठ्या शोच्या दिवशी ती लवकर भरते. आणि वर्धा-बडनेऱ्याहून गावची एसटी कितीला आहे ते निघण्याआधीच बघून ठेवा.

मैदानात पायात बूट हवेत, चप्पल नाही. लेस गाठ मारून आत खोचायची. चष्म्याला दोरी. पॉवर बँक, बाटली, खिळ्यांचा पट्टा दारावर अडवतात असं धरूनच चला. आठवडी बाजारातला बँडच्या नावाचा काळा टीशर्ट घालून गेलात तर कुणी हसत नाही, निम्म्यांचा तसलाच असतो.

उभं कुठे राहायचं? सगळे कठड्याकडे धावतात. तिथे गिटारवाल्याचा घाम दिसतो, पण गाणाऱ्याचा आवाज डोक्यावरून मागे जातो. मैदानाच्या मध्ये कुंपण घातलेला तंबू असतो, त्यात साउंडवाला बसतो. तो जे ऐकतो त्यावरच सगळं जुळवतो, म्हणून त्याच्या तंबूच्या थोडं पुढे उभे राहा. तिथे ती दोन ठोक्यांमधली जागा सर्वांत स्वच्छ ऐकू येते. बाजूच्या टांगलेल्या स्पीकरखाली मात्र अजिबात नको.

मॉश पिटमध्ये, म्हणजे गर्दीत एकमेकांना धडकत नाचतात त्या जागेत, जायचं तर नियम साधा: कुणी पडला की आसपासचे थांबतात आणि उचलतात. जायचं नसेल तर कडेला हात छातीसमोर घेऊन, पाय फाकवून उभे राहा. डोकं हलवायचंच, पण बेताने. सिडनीच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचाही हिशेब मांडला होता: हेडबँगिंगच्या गाण्याची सरासरी लय मिनिटाला १४६, आणि त्या लयीला मानेची हालचाल ७५ अंशांच्या वर गेली की इजेचा धोका सुरू. त्यांचा सल्लाही भारी आहे: एक ठोका सोडून एकावर हलवा.

शेवटी कान. शोमध्ये १०० डेसिबल सहज होतं, आणि कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या निओश संस्थेच्या मर्यादेप्रमाणे त्या पातळीला दिवसाला पंधरा मिनिटंच सुरक्षित. विसर्जनाच्या डीजेपुढे तासन्तास नाचून वर 'मेटलने कान फुटतात' म्हणणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवावा. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, वाती वळा त्याच्या. एमआयडीसीजवळ सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. बाहेर टोक लोंबत असेल तर बसलेला नाही. फोम वरचे सूर जास्त खातो, त्यामुळे झांजा दबल्यासारख्या वाटतात. दरवर्षी जाणार असाल तर फिल्टरचे, खास संगीतासाठीचे घ्या. ते सगळंच सारखं कमी करतात. शोनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजणं म्हणजे आवाज जास्त झाला. दुसऱ्या दिवशी गाडीत इअरफोन लावू नका. दोन दिवसांनीही शिट्टी थांबली नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं तर मात्र दोन दिवसही थांबू नका, गाडीतून उतरल्या उतरल्या दवाखाना गाठा. त्यात उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होत जातो.