जी-५ वरचा वजीर

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच आठवड्यात मी शाळेनंतर पहिल्यांदा बुद्धिबळाचा पट काढला. सोलापूरच्या नवी पेठेत चादरी-टॉवेलच्या दुकानात मी बिलं करते. रात्री जेवण आटोपलं की लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर पंधरा कोडी सोडवायची, असा नेमच केला. तिथं फोर्कची, म्हणजे एकाच सोंगटीनं दोघांवर मार धरण्याची, कोडी वेगळी काढून करता येतात, पिनची, म्हणजे हलली की मागची मोठी सोंगटी उघडी पडेल अशी एखादी अडकवण्याची, वेगळी. महिनाभरात घोड्याचा फोर्क मला लांबून दिसायला लागला.

मग शेजारच्या मामांबरोबर बसले. मामा शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. माझी पांढरी. मी प्यादं ई-४ (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडवीचा), घोडा एफ-३, उंट सी-४; त्यांचं प्यादं ई-५, घोडा सी-६. त्यांनी सी-६ वरचा घोडा उचलून थेट डी-४ वर आणला. ई-५ वरचं प्यादं उघडं पडलं, मी घोड्यानं मारलं. त्यांनी वजीर जी-५ वर आणला. आणि मला एफ-७ दिसलं! घोडा तिथं बसला की वजीर आणि हत्ती दोन्हींवर मार. मी लगेच बसवला.

त्यांच्या वजिरानं जी-२ चं प्यादं खाल्लं. माझा हत्ती एफ-१ वर सरकला. वजिरानं ई-४ चं प्यादं मारून शह दिला, मी उंट ई-२ वर मागे घेतला. मग त्यांचा डी-४ चा घोडा एफ-३ वर आला. उंट पिन झालेला, राजाच्या चारी बाजूंना माझीच माणसं. सातव्या चालीला मात.

मामांनी सोंगट्या मागे नेऊन वजीर पुन्हा जी-५ वर ठेवला. "हा इथं कशाला आला, विचारलंस का?"

"मला फोर्क दिसला होता, मामा."

"तुझं तुला दिसलं. माझं?"

वजिराचा डोळा माझ्या ई-५ च्या घोड्यावर होता आणि जी-२ च्या प्याद्यावरही. तिथं एफ-७ मारायचंच तर उंटानं, शह देऊन. राजा हलला की त्यांचं कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीच्या आड नेण्याची चाल, संपलं, मग आपण कॅसलिंग करायचं. घोडा जातो, पण डाव हातात राहतो. त्याहून बरं म्हणजे ई-५ च्या नादी न लागता घोड्यानं डी-४ चा घोडाच मारायचा.

त्या रात्री मला कोड्यांचं एक लक्षात आलं. समोर कोडं आलं म्हणजे इथं काहीतरी आहे हे आधीच सांगितलेलं असतं, आणि बहुतेक वेळा जिंकायचं असतं ते आपणच. खऱ्या डावात असं कुणी कानात सांगत नाही.

आता मी पंधराऐवजी आठच कोडी करते. आधी पट उलटा फिरवायचा आणि समजायचं की चाल समोरच्याची आहे. त्याचे सगळे शह बघायचे, मग मार, मग पुढच्या चालीची धमकी. एवढं झालं की आपलं उत्तर शोधायचं, शेवटच्या चालीपर्यंत, बोट न लावता. चुकलेलं कोडं वहीत काढते आणि रविवारी पुन्हा सोडवते. घड्याळ लावून करायची कोडी मी सोडली. त्यात हात डोळ्यांच्या पुढे पळतो.

सुरुवातीला हे फार जड गेलं. दोन आठवडे उलट जास्तच हरले, कारण भीतीनं नुसती राखत बसायचे. धमकी दिसली तरी ती खरी आहे का, की सरळ दुर्लक्ष करून आपली चाल खेळता येईल, हेही तपासावं लागतं. ते अजून पूर्ण जमलेलं नाही.

गेल्या रविवारी माझा हत्ती डी-१ वर होता, समोर डी-७ चं प्यादं बिनराखणीचं. हात पुढे गेला होता. तेवढ्यात मामांचा ई-८ चा हत्ती बघितला. माझा हत्ती पहिल्या रांगेतून उठला की तो ई-१ वर येणार, आणि माझ्या राजापुढं तीन प्यादी जागची हललेली नव्हती, म्हणजे पळायला जागा नाही, मातच. हात मागे घेतला, प्यादं एच-३ वर सरकवून राजाला वाट केली.

मामा बराच वेळ पटाकडं बघत राहिले. मग आत आवाज देऊन म्हणाले, "दोन चहा टाका, आज वेळ लागणार आहे."