चाऱ्याचा माग : बोटीवरून गळ टाकतानाचा माझा अनुभव

माशांना बोटीच्या मागे गोळा करण्यासाठी पाण्यात जो चारा सोडतात, ज्याला हौशी मासेमार ‘चम’ म्हणतात, तो कसा वापरावा हे मी एका अनुभवी तांडेलाकडून शिकलो. पहिल्या दिवशी नांगर टाकल्यावर त्यांनी चाऱ्याची बादली उघडली नाही. जवळजवळ काठोकाठ पाणी भरलेली एक बाटली माझ्या हातात देऊन ती बोटीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, सोडायला आणि मागच्या टोकापर्यंत पोहोचायला तिला किती वेळ लागतो ते मोजायला त्यांनी सांगितले. बाटली भरलेली असली की ती पाण्यात बुडून राहते आणि वारा तिला ढकलू शकत नाही, त्यामुळे तिचा वेग हाच प्रवाहाचा वेग धरता येतो. सहा मीटर लांबीच्या बोटीला तिने १२ सेकंद घेतले, म्हणजे प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर, सुमारे एक नॉट होता. त्यानंतर काचेच्या उंच बरणीत समुद्राचे पाणी घेऊन आम्ही चाऱ्याचा एक तुकडा त्यात सोडला. ३० सेंटिमीटर खाली जायला त्याला तीन सेकंद लागले. पुढचे सगळे काम या दोन आकड्यांवर उभे राहिले.

पाणी २० मीटर खोल असेल आणि तुकडा सेकंदाला १० सेंटिमीटर या गतीने बुडत असेल, तर तळाशी टेकायला त्याला २०० सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात अर्धा मीटर गतीचा प्रवाह त्याला १०० मीटर मागे घेऊन जातो. बोट खडकाच्या थेट माथ्यावर उभी केली, तर त्या खडकाच्या आसऱ्याने राहणाऱ्या तांबोशीसारख्या माशांपर्यंत चाऱ्याचा एकही तुकडा पोहोचत नाही. उलट खडकापलीकडच्या माशांना तो मिळतो आणि ते आणखी दूर जातात. म्हणून बोट खडकापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला १०० मीटर असायला हवी. नांगर तर त्याहूनही पुढे टाकावा लागतो, कारण नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडला तरच नांगर नीट धरतो, आणि २० मीटर पाण्यात १०० मीटर दोर सोडला की बोट नांगरापासून जवळजवळ तेवढीच मागे सरकते. थोडक्यात, नांगर खडकापासून २०० मीटर अलीकडे, रेतीच्या तळावर पडला पाहिजे. हा हिशेब कागदावर सोपा वाटतो, पण वारा आणि प्रवाह वेगवेगळ्या दिशांचे असतील तर बोट तिरकी उभी राहते आणि नांगर उचलून पुन्हा टाकावा लागतो. मला तो त्रास नेहमीच सार्थकी लागलेला दिसला आहे. चाऱ्यावर घातलेल्या कोणत्याही कष्टापेक्षा बोट योग्य जागी उभी करण्याचे कष्ट अधिक फळ देतात, असे माझे ठाम मत आहे.

पाण्यावर दिसणारा तेलाचा तवंग हा चाऱ्याचा माग नेमका दाखवतोच असे नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तारली किंवा बांगड्यासारख्या तेलकट माशांचा चारा सुटू लागला की बोटीच्या मागे एक गुळगुळीत, चकाकता पट्टा तयार होतो, कारण तेलाचा अतिशय पातळ थरसुद्धा पाण्यावरच्या बारीक लाटा दाबून टाकतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतून सुमारे अर्धा एकर पाणी संथ झाल्याचा अनुभव १७७४ साली प्रसिद्ध केला होता, तो याच गुणाचा. मात्र तेल पृष्ठभागावर असल्यामुळे प्रवाहाबरोबरच वाराही त्याला ढकलतो, साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या तीन टक्के गतीने. ताशी १८ किलोमीटरचा वारा आडवा वाहत असेल तर तेल सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर बाजूला सरकते, आणि बुडणारे तुकडे व पाण्यात विरघळलेले रक्त व अमिनो आम्ले, ज्यांचा वास मासे खरोखर घेतात, ती मात्र प्रवाहाच्या दिशेने जातात. म्हणून तवंगाकडे पाहून गळ सोडण्याऐवजी मी प्रत्यक्ष तुकडे कुठे दिसेनासे होतात, तिकडे लक्ष ठेवतो.

चारा तयार करण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ताजे किंवा बर्फात नीट ठेवलेले तेलकट मासे बारीक कुटून, त्यांचे रक्त व आतडी त्यातच ठेवून, डब्यात घट्ट गोठवले की झाले. असा गोठलेला ठोकळा जाळीच्या पिशवीत घालून बोटीच्या मागच्या टोकाला अर्धा पाण्यात राहील असा टांगतात. लाटेबरोबर पिशवी हलते, ठोकळा वितळत जातो आणि हाताने काही न करता चारा झिरपत राहतो. पाणी थंड असेल तर वितळणे मंदावते, तेव्हा जाळी मोठ्या छिद्रांची घ्यावी लागते. तळाच्या माशांसाठी प्रवाह जोरदार असताना चारा ओल्या वाळूत मळून त्याचे गोळे सोडणे किंवा शिसे बांधलेल्या तारेच्या पिंजऱ्यात भरून तो तळापर्यंत उतरवणे हे दोन्ही उपाय उपयोगी पडतात, कारण त्यामुळे बुडण्याची गती वाढते आणि वर सांगितलेले १०० मीटरचे अंतर पुष्कळच कमी होते.

माझ्या दृष्टीने खरे कौशल्य चारा किती आणि किती सातत्याने सोडायचा यात आहे. माग तुटला की मासे तुटलेल्या तुकड्याबरोबर प्रवाहात पुढे निघून जातात आणि बोटीपर्यंत येत नाहीत. त्यामुळे कोणी मासा ओढण्यात गुंतला असला तरी दुसऱ्या कोणीतरी चाऱ्यावर हात ठेवलाच पाहिजे. दुसरीकडे, चारा सढळ हाताने टाकला तर माशांचे पोट भरते आणि ते आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पिशवीतून झिरपणाऱ्या वासाबरोबर मी अंगठ्याएवढे मोजके तुकडे हाताने टाकतो, आणि आधीचे तुकडे नजरेआड झाल्याशिवाय पुढचे टाकत नाही. ट्यूनासाठी अशी तुकड्यांची मासेमारी करणारे लोकही हाच नियम पाळतात. पहिल्या अर्ध्या तासात बहुधा बारीक मासेच जमतात. अशा वेळी जागा बदलण्याचा मोह होतो, पण बोट हलवली की माग पुन्हा पहिल्यापासून तयार करावा लागतो. बारीक माशांची झुंड अचानक विस्कटली किंवा बोटीच्या तळाला चिकटून राहू लागली, तर मागून मोठा मासा आला आहे असे समजावे आणि चारा वाढवण्याऐवजी निम्म्यावर आणावा. खाणारी तोंडे जास्त आणि तुकडे थोडे झाले की मासे एकमेकांशी चढाओढ करू लागतात, आणि एरवी सावध असणारा मासाही मग आमिष पारखत बसत नाही.

आमिष चाऱ्यातलाच एक तुकडा वाटले पाहिजे. म्हणून गळाला लावायचा तुकडा चाऱ्याच्याच माशाचा आणि त्याच आकाराचा कापावा, गळाचा आकडा त्यात पूर्ण लपवावा आणि शिसे शक्यतो लावूच नये. रिळावरून दोर हाताने मोकळा सोडत राहायचा, जेणेकरून तो ताणला जाणार नाही आणि तुकडा बाकीच्या तुकड्यांबरोबर त्याच गतीने बुडत जाईल. दोर जरा अडला तरी आमिष प्रवाहात वर उचलले जाते आणि इतर तुकडे खाली जात असताना ते एकटेच वर तरंगताना दिसते. आकड्याजवळ मी फ्लुओरोकार्बनचा दोर लावतो, कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ ला साध्या नायलॉनपेक्षा अधिक जवळचा असतो आणि तो पाण्यात कमी उठून दिसतो. मोकळा सुटणारा दोर एकदम वेगाने पळू लागला की तीन-चार सेकंद थांबून रीळ बंद करावे आणि झटका न देता दोर ताणू द्यावा. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर आकडा, वापरला असेल तर तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, आणि सोडून द्यायचा मासा जिवंत सोडता येतो.

बोट नांगरलेली नसून वाहत असेल, तर हिशेब बदलतो. वारा नसताना बोट आणि चारा एकत्रच वाहतात आणि तुकडे बोटीच्या जवळजवळ खालीच बुडतात; वारा असेल तर तो बोटीला पुढे ढकलतो, माग वारा जिकडून येतो त्या बाजूला उरतो आणि गळ त्याच बाजूने सोडावे लागतात.

भरती-ओहोटीच्या संधीला प्रवाह थांबतो, तेव्हा चारा सरळ बोटीखाली साचतो. त्या वेळात मी पिशवी वर घेतो. पाणी उलटले की बोट नांगराभोवती फिरते आणि माग खडकापासून दूर, विरुद्ध दिशेला जाऊ लागतो, त्यामुळे नांगर उचलून खडकाच्या दुसऱ्या अंगाला नव्याने टाकावा लागतो. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, दिवसांत प्रवाह जोरदार असल्याने अंतरे वाढतात, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत ती कमी होतात. बाटलीची मोजणी म्हणूनच दर दोन तासांनी पुन्हा करावी.

वासाच्या मागाने शार्कही येतात. गळाला लागलेले मासे ते अर्धवट खाऊ लागले तर तेथे चारा टाकत राहणे म्हणजे मासे वाया घालवणे आहे. अशा वेळी पिशवी बंद डब्यात ठेवून प्रवाहाच्या आडव्या दिशेने लांब जावे. पोहणारे किंवा पाणबुडे जवळपास असतील तेथे चारा टाकू नये, आणि काही ठिकाणी त्यावर कायद्याने बंदी असते, म्हणून नियम आधी पाहून घ्यावेत. चाऱ्याचे तेल सांडलेली फळी अतिशय निसरडी होते, ती लगेच समुद्राच्या पाण्याने धुवावी. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी जाळीची पिशवी दोरासकट बोटीत घेतली आहे याची स्वतः खात्री करावी, कारण पंख्यात अडकलेला तो दोर भर समुद्रात सोडवणे धोक्याचे असते.