पोहणं, तरंगणं आणि पहिले बारा मीटर

मागच्या नोंदीत मी १२० मीटरवर धापा टाकत काठ धरला होता. त्याला सहा आठवडे झाले. आता २०० मीटर होतात, ब्रेस्टस्ट्रोकने, रमतगमत, साडेआठ मिनिटांत. ओपन वॉटर कोर्सच्या, म्हणजे स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) शिकवणाऱ्या पहिल्या कोर्सच्या, या चाचणीला वेळेची अट नव्हती, स्ट्रोक कुठलाही चालणार होता, फक्त मध्ये थांबायचं नव्हतं. मास्क, फिन्स (पायात घालायचे पंखे), स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून ३०० मीटर हाही पर्याय होता, पण मला काही न लावताच करायचं होतं. बदल एकच केला: तोंड पाण्यात असतानाच श्वास पूर्ण सोडायचा. आधी मी तो अर्धवट सोडायचे. मग डोकं वर आलं की जुनी हवा बाहेर टाकण्यातच वेळ जायचा आणि नवी घेईपर्यंत तोंड पुन्हा पाण्यात.

खरा घोळ होता चाचणीच्या दुसऱ्या भागाचा, दहा मिनिटं तरंगण्याचा. माझे पाय बुडतात. पाठीवर पडले की आधी टाचा, मग गुडघे, मग कंबर, आणि बघता बघता मी पाण्यात उभी. कारण कळल्यावर जरा राग गेला. पाणी आपल्याला उचलतं ते छातीपाशी, कारण फुप्फुसांतली हवा तिथे. शरीराच्या वजनाचा मध्य मात्र खाली, ओटीपोटाजवळ. दोन्ही एका उभ्या रेषेत येईपर्यंत पाय खाली जाणारच. म्हणून हात डोक्यामागे लांब सोडले, गुडघे किंचित वाकवले; वजन डोक्याकडे सरकलं आणि पाय वर राहिले. दुसरी युक्ती श्वासाची. छाती गच्च भरायची, धरून ठेवायची, झटकन सोडायची, झटकन पुन्हा भरायची. या जोरावर दहा मिनिटं छताकडे बघत काढली. फार खूश होते मी स्वतःवर.

स्कूबाच्या पहिल्याच तासाला इन्स्ट्रक्टरनं सांगितलं, श्वास धरायचा नाही. कधीच नाही.

१० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला भरगच्च श्वास धरून वर आलं, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होते. उथळ पूलमध्येही हा धोका असतोच. नियम डोक्यात शिरला, अंगात नाही. हॉवरिंगच्या सरावात, म्हणजे तळाला न टेकता अधांतरी राहताना, जरा खाली गेले की मी सवयीनं छाती भरायचे आणि धरायचे. दोन सेकंद काहीच होत नाही, मग फुगा सुटल्यासारखी वर! श्वासाचा परिणाम जरा उशिरा दिसतो, हे तिथे शिकले. आता संथ आत, संथ बाहेर, आणि वर जायला लागायच्या आतच सोडायला सुरुवात. जी फुप्फुसं तरंगताना नुसती फुगा होती, तीच आता सुकाणू झालीत.

हातांचंही तेच. पोहणाऱ्याचे हात गप्प बसत नाहीत, माझे तर सारखे वल्हवत होते. शेवटी मला हाताची घडी घालायला लावली. (तोंडावर बोट राहिलं, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तुकडा, होता.)

मास्कमध्ये पाणी घ्यायच्या सरावाला मी सपशेल आपटले. पाणी डोळ्यांपर्यंत आलं आणि मी नाकानं श्वास ओढला. नाकातोंडात पाणी, ठसका, उभी राहिले. नंतर दोन दिवस मास्कशिवाय, नुसत्या स्नॉर्केलनं, चेहरा पाण्यात ठेवून पाच-पाच मिनिटं तोंडानं श्वास घेत राहिले. तिसऱ्या दिवशी मास्कची वरची कड दाबून, मान जरा वर करून, नाकानं फुंकलं. पाणी खालून निघून गेलं. कुणी अडलं असेल तर हा सराव जरूर करा.

समुद्रातल्या तीन डाइव्ह झाल्या, पहिल्या दोन १२ मीटरच्या आत. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणून खाली जायला अंगावर घ्यायचं शिसं पूलमध्ये ३ किलो पुरलं तिथे ५ किलो लागलं. बुडणाऱ्या पायांनी इथेही त्रास दिला: फिन्सची टोकं खाली लोंबायची आणि वाळू उडायची. टाकी पट्ट्यात थोडी वर सरकवली, पाय सरळ झाले. हात डोक्यामागे नेण्याचीच ही दुसरी आवृत्ती.

लॉगबुकमधून: १२ लिटरची टाकी, सरासरी खोली १० मीटर. पहिल्या डाइव्हला टाकीतला दाब २५ मिनिटांत २०० वरून ९० बारवर, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबानं मिनिटाला २६ लिटर. तिसरीला ३० मिनिटांत २०० वरून ११० बार, म्हणजे १८ लिटर. स्टॅमिना तोच होता, हातपाय मारणं तेवढं कमी झालं.

मग पोहणं वाया गेलं का? तिसऱ्या डाइव्हनंतर वर आलो तर बोट चांगली शंभरेक मीटर लांब आणि लाटा तोंडावर. माझ्या बडीनं, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारणीनं, गडबडून रेग्युलेटर काढला आणि पाणी गिळलं. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) फुगवून, पाठीवर पडून, फक्त फिन्स मारत आम्ही दोघी पोहोचलो. पाण्याच्या वर असताना घाबरायचं नाही, एवढं त्या २०० मीटरनं मला दिलं होतं. पोहण्याची चाचणी उरकून टाकायची बाब समजणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

चौथी डाइव्ह राहिली. आदल्या रात्री सर्दी झाली. सकाळी नाक चिमटीत धरून फुंकलं तर उजवा कान उघडला, डाव्याचा दडा जाईना. बोटीवर बसून राहिले आणि बाकीच्यांच्या बुडबुड्यांवर नजर ठेवली. आता सर्दी जाईपर्यंत थांबणं आहे. तोवर पलंगावर आडवी पडून संथ श्वास मोजते आहे: चार अंक आत, सहा बाहेर.