नंबर 7 पुन्हा पोखरला (आणि विहिरीवरच्या झाडाचं नाव एकदाचं कळलं)

मंडळी, मार्चमध्ये मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं की शेप्या (आमचा जुना आंबा, झाड नंबर 7) आता धोक्याबाहेर आहे, ते शब्द परत घेतो. परवा शनिवारी गुहागरला पोचलो, बॅग ओटीवर टाकली आणि सरळ आगरात गेलो तर नंबर 7 च्या बुंध्याशी पातेऱ्यावर (वाळक्या पानांवर) भुसा. आणि जुना तपकिरी सुका भुसा नाही, पांढरट, ओलसर, बोटांत धरला तर चिकटणारा, म्हणजे आत कोणीतरी जेवतंय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की नंबर 7 म्हणजे आमचा शेपूच्या वासाचा रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी आंबा), आजीच्या लग्नाच्या आधीपासूनचा, छातीच्या उंचीला घेर 2.8 मीटर. आंबा लहान, रस पातळ, कोय मोठी, बाजारात कोणी फुकट घेणार नाही, पण तो वास दुसऱ्या कुठल्याच आंब्याला नाही आणि आमच्या वाडीत हे एवढं एकच झाड उरलंय.

चूक माझीच आहे, आता कबूल करतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये पुनरुज्जीवन म्हणून मी वरच्या चार मोठ्या फांद्या एकदम उतरवल्या. ऊन आत आलं पाहिजे, नवीन धुमारे फुटले पाहिजेत वगैरे. धुमारे फुटले, झकास फुटले. पण एवढी छाटणी केलेल्या झाडाला भिरूड (ज्याच्या अळ्या खोड पोखरतात तो भुंगा) हमखास शोधत येतो हे माहीत असूनही बोर्डो पेस्ट लावायला मी पंधरा दिवस उशीर केला, कारण तालुक्याच्या दुकानातून आणलेला मोरचूद ओला गोळा निघाला, तो बदलून आणेपर्यंत माझी सुट्टी संपली. (मोरचूद घेताना पिशवी हलवून बघा, खडे खळखळ वाजले पाहिजेत.) पेस्टचं प्रमाण नेहमीचंच, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. कोयत्याचं पातं बुडवून बघितलं तर तांबूस झालं, म्हणजे चुना कमी, अजून घातला. एवढं सगळं नीट केलं हो, पण उशिरा.

फेब्रुवारीत 14 भोकं मोजली होती. क्लचच्या जुन्या वायरला टोकाशी आकडा केला (सायकलची तार मऊ पडते, वळणावर दुमडते, नका वापरू) आणि एकेक भोक उकरत बसलो, नऊ अळ्या काढल्या. सगळ्यात मोठी माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब, लोण्यासारखी पिवळट, डोकं काळपट, आणि बाहेर काढल्यावरही जबडा हलवत होती. मग पेट्रोलचा बोळा आत आणि वरून चिखल. उरलेल्या पाच भोकांत वायर पुढे जाईना म्हणून नुसताच बोळा भरून बंद केली, मनात म्हटलं गुदमरून मरतील. तिथेच फसलो. शनिवारी साल ठोकून बघितली, कोयत्याच्या मुठीने, जिथे पोकळ आवाज आला तिथे साल सोलली तर खालून हातभर लांब नागमोडी बोगदा, भुशाने गच्च भरलेला, माझ्या बंद केलेल्या भोकाला वळसा घालून वर गेलेला. तीन ताजी भोकं. दोन अळ्या मिळाल्या, तिसरी अजून आतच आहे.

काका ओटीवरूनच म्हणाले, "अरे, तोडून टाक ते. चार दिवस चुलीला तरी होईल." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण पश्चिमेकडची फांदी पिवळी पडून पानं गाळतेय हे मलाही दिसतंय.

आता मधे एक चांगली बातमी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फक्त रडतो. विहिरीवरचं नंबर 12, ज्याला घरात चाळीस वर्षं सगळे उंडी म्हणतात, ती उंडी नाही! मला संशय होताच, कारण उंडीच्या पानात शिरा कंगव्यासारख्या शेजारी शेजारी असतात आणि याचं पान उजेडात धरलं तर जाळी दिसते. नागकेशर म्हणावं तर पानामागची पांढरट झाक नाही. फाल्गुनात गेलो तेव्हा पानं नसलेल्या जुन्या जून फांद्यांवरच साबुदाण्यासारख्या कळ्यांचे घोस लगडलेले, दोन दिवसांत उमलले, पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळे केसर, आणि वास मागच्या दारापर्यंत. सुरंगी! वेंगुर्ल्याकडे जिचे वळेसर (गजरे) करतात ती आमच्या विहिरीवर उभी होती आणि आम्ही तिच्यावर धुण्याची दोरी बांधत होतो. बांडगुळं होती ती फांदीसकट, हातभर खालून कापली. बाकी तिला हात लावणार नाही.

परत शेप्या. माझा प्लॅन होता जुलैत कोय कलमं करायची (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बांधायची), काड्या याच धुमाऱ्यांच्या. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की झाड जुलैपर्यंत काडी देण्याच्या अवस्थेत राहीलच याची खात्री काय? आणि माझा कोय कलमाचा हात तुम्हाला माहीत आहे, गेल्या वर्षी दहात दोन. त्यापेक्षा भेट कलम का नको? गोठ्यामागे गेल्या वर्षीची रायवळाची सात रोपं पिशवीत आहेत, पेन्सिलीएवढी झालीत. पूर्वेकडचे धुमारे त्याच जाडीचे आहेत आणि तिकडची साल ठोकली तर टणक वाजते. रोप पिशवीसकट वर टांगायचं, दोन्हीकडून बोटभर साल थोड्या लाकडासकट तासायची, चिकटवून पट्टी बांधायची, फांदी आईला जोडलेलीच राहते त्यामुळे सुकायची भीती कमी. पिशवीला पाणी मिरगाचा पाऊस घालेल. पट्टी मात्र मुंबईहून नेणार, ऑनलाइन मागवलेली गेल्या खेपेला ताणली की तुटत होती.

आणि पहिल्या पावसात भुंगे बाहेर पडून सालीच्या फटीत अंडी घालतील, त्याआधी बुंध्याला मासेमारीचं जुनं बारीक जाळं सैलसर दोन फेरे गुंडाळून बघणार आहे, अडकले तर अडकले. जाळं शेजारच्या दादांनी कबूल केलंय.

भेट कलम टांगलेल्या पिशवीवर कोणी केलंय का? वाऱ्याने रोप हलून जोड सुटू नये म्हणून मी खालून बांबूची मांडव-चौकट करायच्या विचारात आहे, पण तीन मीटर उंचीवर ती टिकेल का ते सांगा. शुक्रवारी रात्रीची गाडी आहे, त्याआधी सांगितलंत तर बांबू तोडून ठेवायला काकांना फोन करता येईल. त्यांना कशासाठी ते सांगणार नाही.