रात्री दोन वाजता वळलेल्या वाती

सहावा महिना लागला तोवर मला रात्रीची भीती वाटायला लागली होती. साडेनऊला अंथरुणावर पडायचं, डाव्या कुशीवर, पोटाखाली उशी घेऊन, आणि समोरच्या घड्याळात बारा, दीड, तीन वाजताना बघत राहायचं. पहाटे कधीतरी डोळा लागायचा. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री अशाच, आणि हे चार महिने चाललं होतं.

"आत्ताच झोपून घे, बाळ आल्यावर कुठली झोप!" हे मला ज्याने त्याने ऐकवलं. एका डॉक्टरांनीही "या दिवसांत होतंच असं" म्हणून विषय संपवला. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी रडले. मग झोप भरून काढायची म्हणून मी आणखी लवकर आडवी व्हायला लागले, दुपारीही दोन-दोन तास पडून राहायला लागले.

पुढे ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले, त्यांनी नीट ऐकून घेतलं. संध्याकाळी पायांत एक विचित्र ओढ लागायची, पाय हलवल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यांनी लगेच फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. ते कमी निघालं, लोहाचं औषध बदललं, आणि पायांचं पुष्कळ कमी झालं. झोपेचं मात्र नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळीची गरज पडलीच तर बघू. आधी सीबीटी-आय करा." म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, बोलून आणि सवयी बदलून केलेला उपचार. मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. गरोदरपणातही तो तपासून पाहिलेला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७९ गर्भवती होत्या. ही थेरपी मिळालेल्या गटातल्या ६४ टक्के जणींचा निद्रानाश गेला, तुलनेच्या गटात ५२ टक्के जणींचा. फरक डोळे दिपवणारा नाही, पण मला तेवढा आधारही पुरेसा होता.

सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्या भेटीत एक वही करायला सांगितली. रोज सकाळी उठल्यावर लिहायचं: किती वाजता आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठले. घड्याळ बघून नाही, अंदाजानेच. घड्याळ त्याच दिवशी खोलीतून बाहेर गेलं. आठवड्याने बेरीज केली तर अंथरुणात साडेनऊ तास आणि झोप जेमतेम सव्वापाच तास, म्हणजे ५५ टक्के. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या शरीराला अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा वाटायला लागलीय. आता आपण अंथरुणातला वेळ कमी करणार."

ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. सगळं जग मला पड म्हणत होतं आणि ह्या म्हणत होत्या, साडेअकराच्या आधी पडायचं नाही आणि सहाला उठायचंच. एरवी वेळ याहून जास्त आवळतात. गरोदर बाईला तितकं ताणायचं नाही, म्हणून मला साडेसहा तास दिले. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं डुलकी चालेल. आणि झोप आली नाही, तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठून बाहेर जायचं, मंद उजेडात काहीतरी संथ काम करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. मोबाइल नाही.

दिवस श्रावणाचे होते. सासूबाईंचा कापसाचा डबा दिवाणावरच असायचा. पहिल्या रात्री दोन वाजता मी तिथे बसले आणि वाती वळायला घेतल्या. बोटांना चिमूटभर राख लावायची, कापूस विंचरून पेळू ओढायचा, तळहातावर पीळ द्यायचा. सासूबाई उठून आल्या. "अगं, अशी काय बसलीस? पड की!" "आई, मला पडायचंच नाहीये," म्हटलं आणि समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण माझ्या पाठीला लोड लावून गेल्या. त्या रात्री एकतीस वाती झाल्या.

पहिले दहा दिवस फार कठीण गेले. डोकं जड, चिडचिड, संध्याकाळी सातलाच पेंग. स्कूटरला हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात वहीत ८७ टक्के आले. पंच्याऐंशीच्या वर गेलं की पंधरा मिनिटं वाढवायची, असा नियम होता.

पण खरं काम झालं ते चौथ्या भेटीत. मॅडमनी विचारलं, "रात्री जाग येते तेव्हा सगळ्यात आधी काय करता?" मी म्हटलं, "पोटावर हात ठेवते." आणि पुढे बोलताच येईना. दोन वर्षांपूर्वी माझा पहिला गर्भ नवव्या आठवड्यात गेला होता. रात्री झोपेत असताना. सकाळी उठले तेव्हा सगळं संपलेलं होतं. मी घरात त्याबद्दल बोलतच नव्हते. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही राखण करताय."

तसंच होतं. मला झोप येत नव्हती असं नाही, मी झोपेला आत येऊच देत नव्हते. मी झोपले म्हणून ते गेलं, असं मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं. आम्ही ते वाक्य वहीत लिहिलं आणि एकेक प्रश्न विचारत गेलो. जागी असते तर काय करू शकले असते? इतक्या लवकरचे गर्भपात बहुतेक वेळा गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, हे मला आधीही सांगितलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा आत पोचलं.

मग काळजीला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, जेवणाच्या टेबलावर, वही उघडून. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाच्या हालचाली मोजायच्या त्याही स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितल्या वेळी. हालचाल कमी वाटली तर रात्र असो की पहाट, सरळ दवाखाना गाठायचा, हे त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. त्याने मला केवढी मोकळीक मिळाली!

सहाव्या भेटीला मी पावणेअकराला पडून सहाला उठत होते. लघवीला दोनदा उठणं, जळजळ, हे होतंच. पण उठून आले की पुन्हा डोळा लागायचा. डब्यात वातींची भर पडेना, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "झोपतेस वाटतं आता."

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली. पाचवीच्या पूजेला सासूबाईंनी डब्यातल्या त्याच वाती लावल्या. कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. त्या रात्री बायका जागतात. मीही बसायला निघाले, तर त्यांनी बाळाच्या पाळण्याशी पाट ओढला आणि म्हणाल्या, "आज आम्ही आहोत जागायला. तू झोप."

मी झोपले.